बिरडं आधी कुणाचं

माझ्या घरी वालाचं बिरडं झालं की दुसऱ्या दिवशी शेजारणीकडे ते व्हायचंच. एखाद्या वेळी झालं असतं तर कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं म्हणून मी सोडून दिलं असतं. पण पनवेलला लग्न होऊन आल्यापासून दरवेळी हेच. बाई माझी नक्कल करते याबद्दल मला शंका नव्हती, आणि विहिरीवर चार बायकांना मी तसं सांगूनही टाकलं होतं.

नक्कलही मी पोटात घातली असती. पण तिचे यजमान आणि आमचे हे एकाच भाताच्या गिरणीत कामाला. दुपारी दोघांचे डबे एकत्र उघडायचे. माझं बिरडं खाऊन आले की हे म्हणायचे, "बरं होतं." दुसऱ्या दिवशी तिचं खाऊन आले की चपला काढता काढताच सुरुवात, "काय गोडी आहे त्या बाईच्या हाताला!" बेत माझा आणि कौतुक तिचं! अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. माझ्या हाताला गोडी आहे, असं त्यांनी एकदा तरी म्हणावं, एवढंच मला हवं होतं. ती दिसायला माझ्यापेक्षा उजवी नव्हती. मी नीट पाहून घेतलं होतं.

करंजाड्याहून एक म्हातारी आम्हा दोघींना वाल आणून द्यायची. तिला मी खोदून विचारलं, ती आधी भिजवते की मी? म्हातारी हसली. "वाल दोगींच्या घरान हाय, बाय. कोन कवा भिजवते, मना काय ठावं?"

शेवटी मी ठरवलं, चोर रंगेहाथ पकडायचा. कुणी मागितलं नसताना, आपलं मीच, वाल भिजवले, मोड आणले, सोलले. भरपूर खोबरं घालून बिरडं केलं आणि वास तिच्याकडे जावा म्हणून परसदार सताड उघडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे मेथी. त्याच्या दुसऱ्या दिवशी पडवळ. बिरड्याचं नाव नाही.

खरं तर मला बरं वाटायला हवं होतं, पण जिवाला चैन पडेना. दरवेळी नक्कल करणारी याच वेळी कशी चुकली? या खेपेला वेगळं काय होतं? एकच. एरवी बिरडं हे मागायचे. माझ्या हातचं मागून खातात, या आनंदात मी ते कधी हिशेबातच धरलं नव्हतं.

थोड्याच दिवसांनी संध्याकाळी गिरणीतून येताच हे म्हणाले, "अगं, वाल भिजत घाल."

"अहो, तुम्हाला एकदम बिरड्याची आठवण कशी होते?"

"त्यांच्या ओसरीवर वाल भिजत घातलेले दिसले. तोंडाला पाणी सुटलं."

तिची ओसरी गल्लीच्या तोंडाशी होती आणि माझी ये-जा परसदाराने. मी पुढच्या दाराने जाऊन पाहिलं. पितळी पातेल्यात, गार पाण्यात वाल फुगत होते. ती मोडही सावकाश येऊ द्यायची. मी मात्र यांनी मागितलं म्हणून कोमट पाण्यात घालायची, फडक्यात बांधून चुलीशी ठेवायची आणि एक दिवस आधीच मोकळी व्हायची. म्हणजे सुरुवात नेहमी तिची होती. मी फक्त आधी शिजवत होते. नक्कल करणारी मीच.

घरात येऊन मी यांना विचारलं, "त्यांचं बिरडं डब्यात येणारच असतं, मग मला कशाला करायला लावता?"

"त्यांचं व्हायला एक दिवस जास्त लागतो ना," हे सहज म्हणाले. "तोवर धीर निघत नाही."

मी वाल घेतले आणि त्या दिवशी पहिल्यांदा गार पाण्यात घातले, तिच्यासारखे, आणि घालताना तिचा मनापासून हेवा केला.