अर्धी इकडे, अर्धी तिकडे

"सुमनताई, तुम्ही नक्की कुठल्या बँकेत आहात?" जोशीसाहेबांनी विचारलं तेव्हा माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मला वाटलं, थट्टा करतायत. पण ते हसले नाहीत.

मी दुबईतल्या एका बँकेची पँट्री सांभाळत होते. त्याच मजल्यावर बँकेचा इस्लामिक विभाग होता. तिथे व्याज नसतं. गिऱ्हाइकाला गाडी हवी असली तर विभाग ती स्वतः विकत घेतो आणि ठरलेला नफा धरून त्याला विकतो. आता या विभागाची वेगळी बँक होणार होती. अकाउंट्सचे जोशीसाहेब सगळ्याची वाटणी करत होते. टेबलं, कॉम्प्युटर, माणसं. जे दोघांचं, त्याचा खर्च आजवर 'कॉमन'मध्ये टाकत. माझा पगार त्यातलाच, निम्मा इकडे, निम्मा तिकडे. नव्या बँकेला व्याजाच्या बँकेशी कॉमन काहीच चालणार नव्हतं. ते खातं खलास. आणि जुनी बँक पँट्रीचं काम बाहेरच्या क्लीनिंग कंपनीला देणार होती.

म्हणजे माझी नोकरी आणि तिच्यावरचा व्हिसा जाणार. यांचा जबल अली बंदरातला पगार कमी झालेला. शारजात रोल्लातल्या खोलीचं भाडं आणि मुलीची शाळा त्यांच्या एकट्याच्याने होणार नव्हती. मुलीने विचारलं, "आई, आर वी गोइंग बॅक?" मी पोळ्या लाटत राहिले.

दुसऱ्या दिवशी नव्या बँकेचे हिशेबप्रमुख रशीदसाहेब आले. मी कप ठेवत होते.

"जोशीजी, ये हमारी स्टाफ नहीं. हमारी बँक तो अभी पैदा हो रही है."

"और पिछले सालों का मुनाफा?"

"वो तो हमारा ही है."

"मुनाफा आपका, तो चाय बनानेवाली किसकी?"

रशीदसाहेबांनी कप उचलला. "यार, चाय पिलाके फँसाते हो. शेखसाहब से पूछता हूँ, इन्शाल्ला."

शेखसाहेब म्हणजे बँकेचा व्यवहार धर्माला धरून आहे की नाही ते पाहणारे. ते म्हणाले, आधीचा नफा घेतलात, तर आधीचं माणूसही घ्या. मला नवा व्हिसा मिळाला.

पुढे काही दिवसांनी चहा घेऊन गेले, तर जोशीसाहेब खोक्यात फाइली भरत होते. दोन्हीकडचे हिशेब तेच बघत. त्यांचा पगारही कॉमनमधलाच होता. नव्या बँकेने आपला माणूस आणला, जुन्या बँकेला हिशेबाचा एक माणूस जास्त झाला, म्हणून यांना काढलं.

"साहेब, स्वतःचं नाव का नाही पुढे केलंत?"

"वाटणी करणारा मीच ना, ताई. स्वतःसाठी कसं बोलायचं?"

ते पुण्याला गेले. पंगतीत वाढणाऱ्याने आपलं पान आधी मांडून ठेवावं. शेवटी कोणी विचारत नाही.