टापटीपनं पुसलेली ओळ

ऑफिसात तिला सगळे टापटीप म्हणत, आणि उगाच नाही. दुसऱ्याच्या कोडमधला केर काढल्याशिवाय बाईंना चैन पडत नसे. सलाइनच्या पंपाचा प्रोग्राम बाजारात जाण्याआधी तिनं त्यातली एक ओळ पुसली होती. चाचणीपुरता पडद्यावर एक शब्द छापणारी ओळ, बाकी तिचा उपयोग शून्य.

आणि आज टेबलावरच्या पंपाचा वेग तिनं कमी केला, तर पडदा नवा आकडा दाखवत होता आणि मोटार जुन्याच वेगानं पळत होती. तिनं ती ओळ परत घातली. पंप सुतासारखा सरळ. पुन्हा काढली, थोड्या वेळानं पुन्हा तेच.

तिनं लिहिलेला क्रम साधा होता: आधी नवा वेग ठेवायचा, मग ‘तयार’ अशी खूण करायची, आणि खूण दिसली की मोटारीनं वेग उचलायचा. पण कंपायलर, म्हणजे आपलं लिहिणं यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, महा आगाऊ. त्यानं दोन कामांची अदलाबदल केली. भात शिजायच्या आधीच जेवायला हाक मारल्यासारखं झालं. मोटारीनं नेमकं मधल्या क्षणी डोकावलं, की तिच्या हाती जुनाच वेग. ती फालतू ओळ मध्ये होती तोवर कंपायलरला ही उलटापालट करता येत नव्हती. तिथे मुळात बॅरियर, म्हणजे कामांचा क्रम बदलू न देणारा अडसर, हवा होता आणि खूण ॲटॉमिक, म्हणजे एका दमात, अर्धवट न दिसता बदलणारी, हवी होती. तिला हे आज कळत होतं.

“क्वचितच होतंय ना?” साहेब म्हणाले. “दुरुस्त कर आणि मोकळी हो.”

“आणि जे पंप विकले गेले त्यांचं?”

“बघू सोमवारी.”

तेवढ्यात हॉस्पिटलातून दादाचा फोन आला. “बाबा सुधारतायत. आत्ताच सिस्टरनी औषधाचा वेग कमी केला.”

सकाळीच तिनं मोठ्या तोऱ्यात बाबांना दाखवलं होतं, हा पंप आमचा. बाबांनी अख्ख्या वॉर्डाला ऐकवलं होतं.

“दादा, थेंब बघ. भरभर पडतायत का?”

“आकडा बरोबर आहे गं. उगाच जीव खाऊ नकोस.”

ती रिक्षा करून निघाली. प्रत्येक सिग्नलला तिचा जीव टांगणीला लागत होता. वॉर्डात शिरली तर आकडा कमी होता आणि थेंब मात्र पळत होते.

“सिस्टर, हा बंद करा आणि वेग पुन्हा लावा. लगेच.”

“आकडा दिसतोय ना तुम्हाला?”

“आकडा खोटा आहे. थेंब बघा.”

सिस्टरनी पाहिलं आणि बटण दाबलं. वेग पुन्हा लावल्यावर थेंब संथ झाले. बाबांचा चेहरा लालबुंद होता, पण डोळे उघडे होते. दादानं खुर्ची पुढे केली. “झालं ना? बस आता.”

तिला बसवेना. समोरच्या खाटांवरही तेच पंप होते, प्रत्येकावर बरोबर आकडा. शेजारच्या आजी हसून म्हणाल्या, “तूच ना ती? तुझे बाबा सांगत होते, लेकीचं काम चोख असतं.”

बाबा तिच्याकडे बघत होते. ती आजींच्या पंपापाशी गेली आणि थेंब बघत उभी राहिली.

“सिस्टर,” ती म्हणाली, “हाही बंद करा. सगळेच करा. चूक माझी आहे.”