दोराचं लाल टोक

लाल ऑइलपेंटचा वास आला की चाकूरजवळचा ओढा आठवतो. जीपच्या पुढं लावलेल्या, फसलेली गाडी दोरानं ओढणाऱ्या विंचला नवा सिंथेटिक दोर बसवताना लातूरच्या मिस्त्रीनं दोर ज्यावर गुंडाळतात त्या ड्रमकडचा शेवटचा भाग लाल रंगवला होता. त्याच दिवशी विंचची पूजा झाली होती, म्हणून मला तो रंग शुभाचा वाटला; विचारलं नाही. पुढं ओढ्यात उसाची ट्रॉली फसली. ती ओढायला दोर पुरेना, तेव्हा मी लाल भागही सोडला. ताण बसताच टोक ड्रमवरून निसटलं, ट्रॉली मागं आली आणि चाकामागं दगड लावायला वाकलेला तिचा ड्रायव्हर हातभर अंतरानं वाचला. मिस्त्री नंतर म्हणाला, "दोराचं टोक ड्रमला लावलेला स्क्रू नुसता नावाला हाय साब, ड्रमवरचे दहा वेढेच दोर धरतेत. लाल दिसलं की थांबायचं." आता दोर बदलला की रंग मीच लावतो. त्या दिवशी ड्रायव्हर मात्र बांधावर बसून चपलेतला चिखल काढत राहिला.