सासऱ्यांचं शहर, माझे घोडेस्वार

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझ्या सासऱ्यांना घरात बसणं भाग पडलं. शाहपुऱ्याच्या तलावावरची सकाळची फेरी बंद, मित्रांबरोबरचे पोहे-जिलेबी बंद. सगळी नोकरी नगररचना खात्यात काढलेला माणूस दिवसभर टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडू लागला. शेवटी मी खेळायचे तो गेम त्यांच्या टॅबवर टाकून दिला. एक लहानसं गाव मिळतं. ते वाढवायचं, सैनिक तयार करायचे आणि इतर खेळाडूंपासून राखायचं.

"लढाई-बिढाई मला जमणार नाही हं," ते म्हणाले.

पण गाव मात्र त्यांनी असं वसवलं की बघत राहावं. रुंद रस्ते, धान्याची कोठारं, बाजार, शिवाय बागा. बागेचा त्या गेममध्ये काडीचा उपयोग नाही.

"बाबा, बराक कुठाय?"

"बाजाराशेजारी बराक? कोण परवानगी देईल?"

माझं उलटं होतं. दिसेल त्या जागेवर मी बराक बांधलेली. घोडेस्वारांची फौज उभी केली, पण शेतं वाढवायचा मला भारी कंटाळा. धान्य पुरेना आणि उपाशी सैनिक पळून जायला लागले.

एका रविवारी दुपारी सासऱ्यांच्या खोलीतून आरोळी आली, "अगं, लुटलं! सगळं लुटलं!" सासूबाई लाटणं घेऊनच धावल्या. चोर कुठे दिसेना, तेव्हा त्यांनी टॅबकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. बाबा झोपलेले असताना कुणी तरी त्यांची कोठारं रिकामी केली होती. मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा खरंच पडला होता.

त्यांनी हल्लेखोराला शुद्ध सरकारी हिंदीत निरोप पाठवला: 'महोदय, कृपया इस कार्यवाही का कारण स्पष्ट करें.' लगेच उत्तर आलं, 'अंकल, थोड़े सैनिक तो रख लो.'

"याला कसं कळलं मी अंकल आहे?" बाबांनी विचारलं. आता मात्र सासूबाईसुद्धा हसल्या.

मी म्हटलं, "माझे घोडेस्वार तुमच्याकडे पाठवते. तुम्ही त्यांना जेवायला घाला."

समोर फाइल आल्यासारखा त्यांनी विचार केला. "राहतील कुठे?"

"वेशीबाहेर."

"पाण्याचं काय?"

"बाबा, या सैनिकांना पाणी लागत नाही."

"असं कसं लागत नाही?" म्हणत त्यांनी बांधकामासाठी गेममध्ये मिळणारा उरलासुरला दगड खर्चून छावणीत विहीर बांधली.

तोच हल्लेखोर पुन्हा आला, तेव्हा आम्ही दोघं दिवाणखान्यात शेजारी बसून स्क्रीनकडे बघत होतो. घोडेस्वारांनी त्याला पार पिटाळून लावलं. ऑपरेशन झालेला पाय विसरून बाबा टाळ्या वाजवत उभेच राहिले, आणि सासूबाईंनी ओरडून त्यांना खाली बसवलं.

त्यानंतर त्यांनी शहराच्या कडेला स्वतःची एक बराक बांधली, तिच्या रस्त्याला दुतर्फा झाडं लावून. कोठारात वर्षाचं धान्य असेल तेवढेच सैनिक घ्यायचे, असा नियम केला आणि तो मलाही लावला. दोन बराकी पाडून मी शेतं केली. माझ्या गावाचा सगळा नकाशा निरखून ते म्हणाले, "हां, आता हे गाव वाटतंय."

ऑफिसात बढती मिळाली होती तेव्हाही मी इतकी खूश झाले नव्हते.