चार नंबरची स्लाइड

"उभी राहा. सांग सगळ्यांना, ही अक्कल कुणी दिली तुला?"

दादरच्या आमच्या कॉलेजची बायो लॅब. अकरावीची अख्खी बॅच बघत होती. मॅडमनी माझं जर्नल उंच धरलं होतं. चार नंबरच्या स्लाइडखाली मी 'मेटाफेज' लिहिलं होतं. बाकी सगळ्यांनी 'अॅनाफेज'.

पेशी दुभंगताना गुणसूत्रं आधी मधोमध एका रांगेत येतात. ते मेटाफेज. मग प्रत्येकाचे दोन भाग होतात आणि दोन टोकांना ओढले जातात. ते अॅनाफेज. मी मायक्रोस्कोपमधून तीनदा पाहिलं. मधोमध रांग होती.

बाकीच्यांनी पाहिलंच नव्हतं. कुठल्या नंबरला काय लिहायचं, याची यादी दरवर्षी बारावीकडून खाली येते. शिवाजी पार्कच्या क्लासच्या ग्रुपवर फिरते. लॅबमधली स्लाइड बदलली तरी यादी तीच. परळच्या चाळीतल्या मला त्या ग्रुपवर कोण घेणार? मला बघावंच लागलं.

"मॅडम, एकदा बघा ना."

त्या वाकल्यासुद्धा नाहीत. "सवलतीत सीट मिळते, अक्कल नाही मिळत. खोड ते. मगच सही."

मागून कुणीतरी "कोटा" म्हणालं. हशा. मी तिथेच रडले. आणि खरं सांगते, खोडरबर घेऊन अर्धा शब्द खोडलासुद्धा. रडल्याची नाही, पण त्या खोडण्याची मला भयंकर लाज वाटते.

जर्नलवर सही नसेल तर प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत. आई हॉस्पिटलात आया आहे. ती म्हणाली, "लिव गो बाय तिका व्हया ता. आपला काय जाता? वर्ष फुकट जायत."

आईवर चिडले नाही. मान खाली घालूनच तिने मला इथवर आणलंय. पण मला कळून चुकलं होतं. मॅडमना स्लाइड बघायचीच नव्हती. माझं बरोबर निघालं असतं तर त्यांना ते परवडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पुसलेल्या जागी पेनाने लिहिलं. मेटाफेज. जर्नल त्यांच्यासमोर ठेवलं.

"तुम्ही बघून चूक म्हणा मॅडम, लगेच खोडते. न बघता नाही खोडणार."

त्यांनी न उघडताच ते परत सरकवलं.

प्रिन्सिपॉलकडे अर्ज दिलाय. पंधरा दिवस झाले, उत्तर नाही. परीक्षा सोमवारी आहे. वर्ष गेलं तर जाऊ दे. पुन्हा अकरावीला बसेन, आणि पुन्हा मेटाफेजच लिहीन.