कॅमेऱ्यानं ओळखलेली आय

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मधे एक जागा अशी येते की तिथं मला अजूनही हसू येत नाही.

तशी माझ्या हातून कमी चुका झालेल्या नाहीत. संकष्टीला सकाळी सवयीनं पोळीभाजी खाऊन संध्याकाळी मोठ्या भक्तीनं चंद्राची वाट बघत गच्चीवर बसलेली बाई मी. आरतीत गणपतीच्या कडव्यातून थेट शंकराच्या कडव्यात शिरलेली आहे. पण ती सगळी देवाची आणि माझी आपसातली प्रकरणं. हे मात्र भरल्या घरात, सगळ्या भाऊबंदांसमोर झालं. आणि तेही कानबाईच्या साक्षीनं.

आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला चांदीचे डोळे, नाक, नथ लावून श्रावणात देवी मांडायची, रविवारी संध्याकाळी स्थापना आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन. सुरतेत भेस्तानच्या आमच्या सोसायटीत निम्मी घरं खानदेशातली, त्यामुळे श्रावण लागला की गुजराती शेजारणीसुद्धा जिन्यात अडवून कधी आहे ते विचारतात, "कानबाई क्यारे छे, बेन?" पुरणपोळीवर त्यांचाही जीव असतो.

आमची लेक तेजू वडोदऱ्याला नोकरीला आहे. सुट्टीच्या दिवशी ती लग्नाकार्याचे फोटो काढते. यंदा तिनं नवा कॅमेरा घेतला आणि कानबाईचे फोटो आपणच काढणार म्हणून शनिवारी घेऊन आली. तर रविवारी सकाळीच तिच्या ऑफिसातून फोन. निघ म्हणे लगेच. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

"मम्मी, कॅमेरा ठेवून जाते. तू काढ."

"मी? अगं, मला मोबाईलवर फोटो काढताना माझंच बोट येतं त्यात."

"काही नाही, सोपं आहे. जो, ध्यानथी सांभळ." नीट ऐक म्हणे. तेजू घाईत असली की गुजरातीत शिरते. "हा मिररलेस आहे. म्हणजे यात आरसा नसतो."

"नसू दे. मला कुठं त्यात बघून कुंकू लावायचंय?"

तिनं कपाळाला हात लावला. मग वरचं एक चाक दाखवलं. त्यावर इंग्रजी अक्षरं. "हे पी वर ठेवायचं. पी म्हणजे प्रोग्राम."

मला एकदम हायसं वाटलं. आपल्याकडे प्रोग्रामच तर होता. पुढचा ए बहुधा आरतीसाठी, एस सत्यनारायणासाठी आणि एम मिरवणुकीसाठी असणार, हे मी मनातल्या मनात लावूनही टाकलं. विचारलं मात्र नाही. तिची बस होती.

"बटण आधी अर्धंच दाबायचं," ती बॅग भरता भरता सांगत होती, "पडद्यावरची चौकट हिरवी झाली की मग पूर्ण."

हेही कळलं. भात झाला का बघायला शीत बोटात दाबून बघतो, तसं.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं. आय फोकस मी चालू ठेवलाय, त्याला अजिबात हात लावू नको. समोर कितीही गर्दी असली तरी तो आपोआप आय शोधतो आणि तिथं चौकट धरतो."

"आपोआप आय शोधतो?"

"हो ना. आयवर फोकस असला की फोटो जिवंत वाटतो. चल, आवजे."

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? माझं माहेर तुळजापूरच्या बाजूचं. तिकडे आई म्हणायला कुणाला वेळ नाही. माझी आय, तुझी आय, आणि डोंगरावरची ती सगळ्यांची आय. लेक सांगतेय की हे यंत्र गर्दीतून आय शोधून काढतं. मी काय समजणार? तेजूची बस गेली, आणि मी कॅमेरा देव्हाऱ्यासमोर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. काचेवर नाही वाहिलं, तेवढी अक्कल होती.

संध्याकाळी घर भरलं. पुरुषमंडळी खाली मांडवात, वर आम्ही सगळ्या बायका. कानबाई चौरंगावर बसली, नथ सारखी केली, दिवे लागले. मी कॅमेरा उचलला. अर्धं बटण दाबलं आणि ती चौकट टुणकन उडाली ती थेट कानबाईच्या मुखड्यावर जाऊन बसली. हिरवी.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"अक्का," मी हाक मारली. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, घरातल्या कर्त्या. "अक्का, या यंत्रात आय ओळखायची सोय आहे. तेजूनं सांगितलंय. बघा, कानबाईला ओळखलं त्यानं."

अक्कांनी चष्मा चढवून पडद्यात बघितलं, हात जोडले आणि शांतपणे अहिराणीत म्हणाल्या, "मायले कोण वळखत नही वं?"

झालं. शेजारच्या कमळाबाईंना राहवेना. "सुमनबाई, माणसातली आई ओळखतो का तो? मला बघा बरं."

कमळाबाईंची मुलं मोठी झालेली. चौकट लगेच त्यांच्यावर. अक्कांवर धरला, अक्कांवर. कोपऱ्यात कॉलेजच्या मुलींचा घोळका होता, तिकडे वळवला, तर चौकट येईचना. कितीही दाबा. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. मुली माना खाली घालून मोबाईल बघत होत्या, त्यांचे डोळेच दिसत नव्हते, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार? माझ्या तर नाहीच. मी तोवर देवीची भगत झाले होते. ही म्हणे मला बघा, ती म्हणे माझ्या विहिणीला बघा. आरतीला उशीर व्हायला लागला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून पाण्याची भरलेली कळशी घेऊन वैशाली आली.

वैशाली अक्कांची सून. लग्नाला बरीच वर्षं झाली, पण मूल नाही. दवाखाने झाले, तपासण्या झाल्या. आमच्या घरात तो विषय बायका तोंडानं कमी आणि नजरेनं जास्त काढतात, आणि अक्का तर नजरेनं पण आणि कळशीनंही. जड कामं सगळी वैशालीकडे. पोर हसतमुख, कधी उलटून बोलायची नाही.

चौकट उडाली आणि तिच्यावर बसली. हलेचना. मी कॅमेरा इकडे केला, तिकडे केला, चौकट आपली तिला धरून. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वैशाली, अगं, तुला आय म्हणतोय गं कॅमेरा."

तेवढ्यात कुकरची शिट्टी आली तर दोघीतिघी दचकल्या.

वैशालीनं माझ्याकडे बघितलं. मग कॅमेऱ्याकडे. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तोवर अक्का मधे आल्या होत्या.

"परत दखाड," त्या मला म्हणाल्या. परत दाखव.

परत दाखवलं. परत हिरवी चौकट, परत वैशाली.

अक्कांनी सुनेच्या हातातली कळशी काढून घेतली. स्वतः. "उचलू नको हे. बस तठे," म्हणाल्या, आणि तिला कानबाईच्या शेजारी पाटावर बसवलं. थोड्या वेळानं बघते तर अक्का स्वतः तिच्यासाठी कपबशी घेऊन चालल्यात. बशीत चहा सांडला होता, तोसुद्धा त्यांनी पदरानं पुसला. आरतीनंतर तिची ओटी भरली. मी हे सगळं कॅमेऱ्यात टिपत होते आणि डोळे पुसत होते. केवढं पुण्याचं काम आपल्या हातून झालं, असं वाटत होतं. मेलं पुण्याचं काम.

सोमवारी सकाळी विसर्जनाची तयारी झाली. ढोलवाले आले, गुलाल आला. मी शहाण्यासारखं चाक एमवर नेलं, मिरवणूक ना. तर सगळे फोटो काळे कुळकुळीत. कमळाबाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "कालचंच बरं होतं हो." म्हणून पुन्हा पी.

तेवढ्यात आमचे हे पुढे आले. हे पलसाण्याला कापडाच्या प्रोसेस हाऊसमध्ये रंगमास्तर आहेत. मिशा भरघोस, त्यात त्या दिवशी गुलालानं लालभडक. एरवी घरात चार शब्द बोलायचे नाहीत, पण कानबाईपुढे नाचायला पहिले. मी कॅमेरा धरला, अर्धं बटण दाबलं.

हिरवी चौकट. यांच्या मिशांच्या वर.

मी बटण सोडलं. पुन्हा दाबलं. पुन्हा हेच.

कमळाबाईंनी पडद्यात डोकावलं, यांच्याकडे बघितलं, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सुमनबाई, भाऊंना दिवस गेलेत की काय?"

हे नाचायचे थांबले. "काय झालं?"

"काही नाही, तुम्ही नाचा," मी म्हटलं. पण मला घाम फुटला होता. मी कॅमेरा वळवला, तर चौकट ढोलवाल्यावर. दाढीवाला धिप्पाड माणूस, त्यालाही कॅमेरा आय म्हणत होता. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी तेजूला फोन लावला, आणि गडबडीत तो स्पीकरवर लागला.

"तेजू, तुझा कॅमेरा बिघडला गं. पप्पांना आय दाखवतोय."

"मग बरोबरच आहे ना. सगळ्यांनाच दाखवणार."

"सगळ्यांना कसं? पप्पा कसे आय होतील?"

मग फोनमधून आवाज आला, "मम्मी, आय एटले आंख. डोळा, मम्मी, डोळा. इंग्रजीतला आय. तू काय समजलीस?"

मी काय समजले होते ते तोवर सोसायटीतल्या वॉचमनलाही ठाऊक होतं. हसण्याचा असा लोट उठला की ढोलवाल्यानं वाजवणं थांबवलं.

आणि मग, कुणी सांगितलं नाही की खुणावलं नाही, पण हसू एकेकीच्या तोंडावरून उतरलं. सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. दाराशी खुर्चीवर वैशाली बसली होती. कालची ओटी अजून तिच्या मांडीवर होती, कारण अक्कांनी ती खाली ठेवू दिली नव्हती.

ती ही जागा. इथं मला हसू येत नाही.

मी तिच्याजवळ गेले. एका शब्दापायी मी त्या पोरीच्या पदरात काय टाकलं होतं आणि आता सगळ्या गावासमोर काय काढून घेत होते, ते आठवलं. माझेच डोळे भरून आले.

"काकू, रडू नका," वैशाली म्हणाली. "मला कालच कळलं होतं. माझ्या मोबाईलमध्येपण येते ती चौकट."

"मग बोलली का नाहीस गं?"

तिनं हळूच अक्कांकडे बघितलं. "अक्का चहा घेऊन आल्या होत्या. थंड झाला असता."

अक्का पाठमोऱ्या उभ्या होत्या. कानबाईची नथ नीट करत होत्या, जी मघाच नीट केलेली होती. बराच वेळ केली. मग वळल्या, वैशालीच्या मांडीवरचा नारळ सरळ केला आणि तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "दियेल ओटी कोणी परत लेत नही. बस तू." आणि आपल्या मोठ्या लेकीला म्हणाल्या, "कळशी तू घे."

माझ्या जिवात जीव आला. मी वैशालीचे दोन्ही हात धरले. "चुकले गं बाई. तुझ्या मनाला किती लागलं असेल."

"नाही लागलं, काकू." ती हसत होती, पण तिचा आवाज जरा ओला होता. "आजवर तुम्ही सगळ्यांनी मला सोमवार सांगितले, गुरुवार सांगितले. शुक्रवारी आंबट बंद केलंत, चातुर्मासात वांगं सोडायला लावलंत. मी सगळं केलं. पण मला आई म्हटलं आणि वर एकही उपास सांगितला नाही, असा हा तुमचा कॅमेरा पहिलाच."

आजूबाजूच्या सगळ्या बायका एकदम कामाला लागल्या. कमळाबाई तर भरलेल्या समईत तेल घालायला धावल्या.

आणि मी? देवाशपथ सांगते, त्याच क्षणी माझ्या जिभेच्या टोकावर मंगळवारचं एक अगदी सोपं, बिनमिठाचं व्रत येऊन बसलं होतं. "वैशाली, एवढं एक," इथपर्यंत मी आलेही होते. तिनं माझ्याकडे बघितलं.

गिळलं. बिनमिठाचं होतं, तरी घशाखाली जायला वेळ लागला.