जेवत्या माणसाचा उच्चार

इंग्रजांनी जगाकडून काय काय उचललं यावर पुष्कळ विद्वानांनी लिहून ठेवलं आहे. पण दुसऱ्यांचे खाण्यापिण्याचे पदार्थ उचलल्यावर त्यांच्या नावांची इंग्रजांनी जी दशा केली, तिच्याविरुद्ध आयुष्यभर एकट्याने लढा दिलेला एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे. ते माझ्या बायकोचे मामा. मेहकर तालुक्यात डोणगावला राहतात, हायस्कुलात उभी हयात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आहेत, आणि असा काही लढा चालू असल्याची इंग्रजांना अद्याप कल्पना नाही.

मामांचं तत्त्व साधं आहे. ज्याच्या चुलीवर पदार्थ झाला, त्याच्या तोंडातलं नाव खरं. इटलीतल्या भाजलेल्या पावाला इंग्रज 'ब्रुशेटा' म्हणतो. मामा 'ब्रुस्केत्ता' म्हणतात, आणि त्यातला शेवटचा जोड थेट बेंबीपासून काढतात. कॉफीला कुणी 'एक्सप्रेसो' म्हटलं की "कोन्या टेसनावरून सुटते थे?" असं विचारतात. फ्रेंचांचा 'क्र्वासाँ' म्हणताना ते नाकाचा असा काही उपयोग करतात, की मामी स्वयंपाकघरातून विचारतात, "काढा करू का?" यातला एकही पदार्थ त्यांनी खाल्लेला नाही. डोणगावात तो मिळत नाही, आणि मिळाला असता तरी मामांना दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरीच लागते. स्पेनचा 'चोरिथो' त्यांनी आठवडाभर घोटला आणि मग तो डुकराच्या मांसाचा असतो हे त्यांना कळलं. मामांनी मोरीवर जाऊन चूळ भरली, पण उच्चार सोडला नाही. पूर्वी ते जाडजूड शब्दकोशातल्या खुणा पाहून उच्चार ठरवत. आता नातेवाइकांनी मोबाइल घेऊन दिला आहे. संध्याकाळी ओट्यावर बसून तो कानाशी धरतात, आतली बाई एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणते आणि मामा डोळे मिटून मान डोलावतात. रस्त्याने जाणाऱ्यांना वाटतं, गुरुजी भजन ऐकत आहेत.

एकदा मी त्यांना पेचात धरायला गेलो. म्हटलं, "मामा, आपला बटाटा तरी कुठे आपला? तो शब्द पोर्तुगीजांचा." मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बुलढाण्याला माझ्या घरी फोन आला. "जावईबापू, आमी वऱ्हाडी मानसं आलूच म्हनतो. पुन्याच्या लोकायचं पोर्तुगीजायसंग काय साटंलोटं हाय, ते त्यायलेच पुसा."

एवढा कडवा माणूस, पण त्यांचा एक नियम होता. समोरचा माणूस ताटावर बसलेला असेपर्यंत त्याला दुरुस्त करायचं नाही. त्याने काहीही म्हणावं. मामा खाली बघून आपली भाकरी मोडत राहणार. शाळेची तपासणी करायला आलेले एक साहेब जेवताना पाच वेळा 'बफेट' म्हणाले. मामांनी पाचही वेळा त्यांना कढी वाढली. साहेबांनी हात धुतले, मामांनी टॉवेल पुढे केला आणि टॉवेल साहेबांच्या हातात असतानाच तो शब्द 'बुफे' कसा आहे हे ओठांचा चंबू करून तीनदा दाखवलं. पुढच्याच वर्षी मामांची बदली सुलतानपूरला झाली. या दोन गोष्टींचा संबंध मामांनी कधी जोडला नाही.

हा नियम कुठून आला, ते मला मामींनी सांगितलं. तरुणपणी मामा शिकायला पुण्यात होते. खाणावळीत पहिल्याच दिवशी ते वाढप्याला म्हणाले, "मले अजून आलू पाह्यजे." पंगत हसली. कुणीतरी 'मले, मले' करून दाखवलं, तेव्हा पुन्हा हसली. मामा अर्ध्या ताटावरून उठले. "दोन दिस उपाशी राह्यले होते," मामी म्हणाल्या. "तवापासून जेवत्या मानसाले टोकत नाईत. पन हात धुतला, का मंग सोडतबी नाईत."

हा नियम पुढे एका घराला उपयोगी पडेल असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं. मामांची मुलगी, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, ती लग्न होऊन इंग्लंडला गेली. तिच्या मुलाने तिथल्याच मुलीशी लग्न केलं. मामांना प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून त्यांनी समारंभ फोनवर पाहिला. मुलीच्या वडिलांचं तिकडे छोटंसं कॅफे आहे. त्या भल्या माणसाने इकडच्या मंडळींना मान द्यावा म्हणून जेवणात काय काय केलं आहे ते फोनसमोर उभं राहून वाचून दाखवलं. जेवण सुरू व्हायचं होतं. मामांनी त्यांना तीन ठिकाणी थांबवलं. शेवटी ते हसत म्हणाले, "साहेब, हा पदार्थ मी तीस वर्षं विकतो आहे." मामा म्हणाले, "म्हणजे तीस वर्षं चुकीचा विकता आहात." तिकडे फोन कुणीतरी पालथा ठेवला.

त्यानंतर तीन वर्षं नातवाचा फोन नाही. मामांना पणती झाली, तिचे फोटो ताईच्या फोनवरून येत. मामा ते बोटांनी मोठे करून बघत आणि मोबाइल मामींकडे देत. उच्चार ऐकणंही त्या दिवसांत कमी झालं होतं. आणि मग गेल्या हिवाळ्यात ताईने कळवलं, की नातू, नातसून आणि दोन वर्षांची पणती यांना घेऊन ती चार दिवस येते आहे. पण अट आहे. बाबांनी नातसुनेचा एकही शब्द सुधारायचा नाही. एक जरी सुधारला, तरी मुलगा त्याच दिवशी बायको-मुलीला घेऊन निघेल आणि पुन्हा येणार नाही.

मामा म्हणाले, "तोंडच शिवून टाकतो माह्यं." मामींनी ते ऐकून घेतलं आणि दळण काढायला बसल्या. त्यांचा मामांच्या तोंडावर विश्वास नव्हता. नियमावर होता.

पाहुणे आले. आम्हीही बुलढाण्याहून गेलो होतो. नातसून मोठी गोड, बोलकी मुलगी. उंबऱ्यातच म्हणाली, मला तुमची 'चाय टी' फार आवडते. मामांच्या गळ्याचा मणी वर गेला. पण तो खाली येण्याच्या आत मामींनी मुलीच्या हातात चिवड्याची बशी ठेवली होती. मामांनी बशीकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मामींनी काय योजलं आहे. पुढचे चार दिवस त्या मुलीचा हात रिकामा असा राहिलाच नाही. चहानंतर सांजोऱ्या, सांजोऱ्यांनंतर जेवण, हात धुवायला उठायच्या बेतात दिसली की वाटीत गरम पातोड्या. दुपारी शेतात हुरडा, येताना ओटीत फुटाणे आणि जाम, म्हणजे पेरू. तुपाला ती 'गी' म्हणाली, पापडाला 'पॉपडम' म्हणाली, भाकरीला 'नान ब्रेड' म्हणाली. प्रत्येक वेळी मामा आधी तिच्या हाताकडे बघत. हातात काहीतरी असेच. नातवाने तिला 'बस' हा शब्द शिकवला होता. पण आमच्याकडे पाहुण्याने 'बस' म्हटल्यावर निदान दोनदा वाढायचं असतं, हे तो इतक्या वर्षांत विसरला असावा.

"आजी, पोट दुखेल तिचं," तो म्हणाला.

"दुखू दे. ओवा देतो," मामी म्हणाल्या. "तू चूप बस बे. तुले काय समजते?"

तिसऱ्या दिवशी मामींचा डोळा जरा लागला आणि तेवढ्यात नातसून हात धुऊन ओट्यावर येऊन बसली. मामांनी घसा साफ केला. "बेटा…" म्हणाले. त्यांच्या मांडीवर पणती होती. तिने आपल्या मुठीतला अर्धा चावलेला फुटाणा मामांच्या तोंडात घातला. मामांनी तो बराच वेळ चघळला. तोवर मामी उठल्या.

निघायच्या सकाळी मात्र इलाज नव्हता. गाडी दारात उभी, मामींनी दिलेल्या डब्यासकट सामान चढलेलं, नातसुनेचे हात धुतलेले, कोरडे. ती मामांसमोर आली आणि चार दिवसांत खाल्लेल्या एकूण एक पदार्थाचं नाव बोटं दुमडत घेऊ लागली. तिने ती पाठ करून ठेवली होती. नावं अकरा होती आणि त्यातलं एकही मामांच्या घरच्या चुलीवर शिजलेलं वाटत नव्हतं. मामी लाडू आणायला आत धावल्या, पण लाडवाचा डबा फळीवर, वर. ताईने माझा दंड धरला. नातू गाडीचं दार उघडं धरून आजोबांच्या तोंडाकडे पाहत होता. मुलीचं अकरावं नाव झालं. मग ती म्हणाली, "तुम्ही तर शिक्षक आहात. खरं सांगा, मी बरोबर म्हटलं ना?"

इतकी सरळ संधी मामांना उभ्या आयुष्यात कुणी दिली नव्हती. त्यांनी तिच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती उत्तराची वाट पाहत होती, आणि तिला ते सगळे शब्द फार आवडले होते हे आमच्यापैकी कुणालाही दिसलं असतं.

"एकूण एक बरोबर," मामा इंग्रजीत म्हणाले. "उच्चार उत्तम."

नातवाने गाडीचं दार सोडलं आणि येऊन आजोबांच्या पाया पडला. पुढच्या हिवाळ्यात येतो, म्हणाला.

गाडी वळणाआड गेली तरी मामा अंगणात उभे होते. मामी हातात लाडू घेऊन शेजारी आल्या.

"ताटावर नव्हती बरं आता," मामी हळूच म्हणाल्या.

"नव्हती कशी?" मामा रस्त्याकडे बघतच म्हणाले. "डबा देला ना तू संगं? थो सरेपर्यंत थे ताटावरच हाय."

डब्यात लिंबाचं लोणचं होतं. मामींचं लिंबाचं लोणचं चार वर्षं टिकतं.